आईचा रामराम

आमच्या गावात बाईला कुणी रामराम घालत नव्हतं. पुरुषाला पुरुष घालायचा. बाई समोर आली तर "काय वो, वावरात चालली का?" एवढं विचारायचे आणि उत्तर ऐकायलाही थांबायचे नाहीत. लहानपणी मला त्यात वावगं काही वाटलं नाही. वाटलं ते बाबा गेल्यावर.

गाव सानगडीच्या बाजूचं, तलावाखालचं. बाबा होते तोवर आमच्या अंगणासमोरून जाणारा प्रत्येक माणूस हात वर करून "रामराम" म्हणायचा, आणि बाबा खाटेवरूनच म्हणायचे, "रामराम, या जी." बाबा गेले तेव्हा मी भंडाऱ्याला कॉलेजात होते. तेरावं झालं आणि काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्या खाटेवर येऊन बसू लागले. त्यांचं घर शेजारी, चूल वेगळी, वावर वेगळं. वाटणी बाबा असतानाच झालेली. तरी सकाळचा चहा आमच्या अंगणात. रस्त्यानं जाणारे त्यांना रामराम घालत. आई तिथेच, हाताच्या अंतरावर, सुपानं धान पाखडत असायची.

कुणी म्हणेल, रामराम तर आहे, तोंडची वाफ. नाही. अंगणात ज्याला रामराम मिळतो तो त्या घराचा धनी, हे आमच्याकडे न सांगता समजतं. वर्ष फिरायच्या आत आमच्या धानाचा भाव व्यापारी काकांना विचारू लागला. रोवणीला, धानाची रोपं लावायला, येणाऱ्या बाया कुठल्या बांधीत, कुठल्या खाचरात, उतरायचं ते काकांना विचारू लागल्या. शेत आईच्या नावावर चढलं होतं, आणि आईला कुणी काही विचारत नव्हतं.

कागदावरही तेच. तुमसरच्या आत्याच्या घरून पोस्टकार्ड यायचं. बाबा असताना वर बाबांना साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आता तो नमस्कार काकांना. आईसाठी तळाशी, सहीच्या खाली उरलेल्या कोपऱ्यात दोन शब्द: वहिनींना सांगणे. काय सांगणे? नमस्कार की आशीर्वाद? तेवढी शाईही त्यांना जड झाली होती. ते कार्ड आईला मीच वाचून दाखवायची. एकदा मी त्या ओळीपाशी थांबले, तर आई म्हणाली, "सांगतलं समज. ठेव ते कार्ड."

आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला त्याचा गर्व होता, अजून आहे. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी पाऊस तुटला. धान निसवायला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि आमच्या बांधीत भेगा.

अशा वेळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून गावकरी पाणी वाटून घेत. आला तो बसलेल्यांना रामराम घालायचा, बसलेले उलटून रामराम म्हणायचे, मग तो बसायचा आणि त्याच्या पाण्याचा दिवस ठरायचा. काका दोन्ही वावरांचं मिळून बोलून यायचे. पाणी आधी त्यांच्या बांध्या भरायचं. आमच्याकडे पोचायचा तो चिखल. आणि वर आईला म्हणायचे, "वहिनी, तुमच्यानं होऊन नाई राहिलं. वावर मले ठेक्यानं देऊन टाका." धान वाळलं असतं तर त्यांचंच खरं ठरलं असतं. एक वर्ष ठेक्यानं गेलेलं वावर परत आलं नसतं, हे आईला माहीत होतं.

त्या दिवशी आईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मला म्हणाली, "चाल."

पाळीवर पंधरा-वीस माणसं होती. मधोमध म्हातारे पाटील. काका त्यांच्या शेजारी. आई जरा अलीकडे थांबली आणि म्हणाली, "रामराम जी."

पाटलांनी आईकडे पाहिलंच नाही. काकांना म्हणाले, "काहून बे, भावजयीले कायले आणलं?"

"म्या नाई आणलं. आपल्या मनानंच आली."

मागून बिडी ओढणारा एक जण बोलला, "आता बाया पाळीवर रामराम घालतीन अन् आपण घरी भात रांधू!" सगळे हसले. काकाही.

आई त्याला म्हणाली, "रांधा ना, भाऊजी. पहिले रामरामाचं उत्तर द्या, मंग रांधा."

हसणं बंद झालं. पाटील म्हणाले, "बाई, तू घरी जाय. तुह्या देरानं सांगतलं पाण्याचं."

"त्याईनं त्याईचं सांगतलं. माह्यं मी सांगाले आली. रामराम, मामाजी."

सासऱ्याच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात आणि त्याच्यासमोर आवाज काढत नाहीत. आईनं आवाज काढला होता. पाटलांनी घसा खाकरला, तलावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस."

रामराम नाही. बस. कुत्र्यालाही म्हणतात. मी पुढे सरकले होते, आईनं माझा हात दाबला आणि खाली बसली. उद्याचा दिवस आमच्या वावराचा ठरला, काकांच्या आधी.

परतताना मी म्हणाले, "आई, त्यानं रामराम नाई म्हटलं."

"पाणी तं देल्लं ना."

"मले नाई पायजे असं पाणी."

"तुले नाई पायजे. तू भंडाऱ्याले जाशीन. धानाले पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात पोचलो तर काकांनी पाट आपल्या बाजूला फोडून घेतला होता आणि दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभे होते. आई साडी खोचून पाटात उतरली, फावड्यानं माती ओढून त्यांच्या बाजूचं तोंड बुजवलं आणि आमचं उघडलं. शेजारच्या बांध्यांतली माणसं काम थांबवून पाहत होती. काकांनी दोन्ही हात कपाळापर्यंत नेले, कमरेत वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "रामराम हो, पाटलीनबाई, रामराम!"

माणसं हसली. आईनं फावडं टेकवलं, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "रामराम, भाऊजी. तुमचा दिवस उद्या हाय."

मग ती बांध पाहायला पुढे गेली. पाणी भेगांत शिरत होतं. काका निघून गेले. त्या दिवसापासून ते आमच्या खाटेवर बसले नाहीत, आणि वावर ठेक्यानं गेलं नाही. आई पुढे दर वर्षी पाळीवर जात राहिली. आधी बिडीवाल्यानं रामराम म्हटलं, मग एकेकानं.

लोक मला सांगतात, झालं ना शेवटी, मग आता कायले राग धरून बसली? धरून बसले आहे. पाटील गेले तेव्हा सारं गाव त्यांच्या दारी गेलं. मी गेले नाही. आई मात्र त्यांच्या घरी बसून आली.