‘फास्ट’ काहीच करत नाही

पुण्यातली नोकरी सोडून ताई सिरसाळ्याला परत आली, तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी खताच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि आडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर करायला लागलो. सगळा कोड हाताने लिहायला आम्हाला वेळ नव्हता, म्हणून कोड तयार करून देणारं एक टूल घेतलं. कोणती माहिती साठवायची ते त्याला सांगायचं, की ते स्क्रीन, पावत्या, बेरजा सगळं लिहून द्यायचं. त्यावर ताई हाताने आपल्याकडचे शब्द घालायची. आवक, कट्टा, मापाडी.

टूल कसं वागेल हे एका सेटिंगच्या फाइलमधून ठरायचं. तिच्यातले पर्याय समजावून सांगणारं एक पान होतं. त्यावर लिहिलेलं, ‘क्लीन : क्लीन चालू किंवा बंद करतो.’ बाकीचे पर्यायही याच पद्धतीने समजावले होते.

टूलची नवी आवृत्ती आली. आम्ही ती घेतली, कोड पुन्हा तयार केला आणि एका आडत दुकानात बसवला. दुपारी तिथल्या मुनीमांचा ताईला फोन आला.

“सोयाबीन कुठं गेलं?”

“कुठल्या गाडीचं?”

“गाडीचं न्हाई. पावतीवरचं. इथं ‘वस्तू एक’ लिहिलंय.”

ताईने लॅपटॉपवर पावती उघडून पाहिली. “वस्तू एक म्हणजे सोयाबीन,” ती म्हणाली.

“मंग तूर?”

“वस्तू दोन.”

“शेतकऱ्याला काय सांगू? तुमची वस्तू दोन ओली हाय?”

नव्या आवृत्तीत ‘क्लीन’ आपोआप चालू झाला होता. चालू असला की टूल आधीच्या सगळ्या फाइली पुसून नव्या लिहायचं. त्यात ताईचं हाताने केलेलं कामही गेलं होतं. तिच्या लॅपटॉपवर एक जुनी प्रत सापडली, पण ती अर्धीच होती. उरलेलं तिने पुन्हा लिहायला घेतलं. चिडली नाही. फक्त त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि काम पुष्कळ होतं.

दुकान पूर्ववत झाल्यावर ती म्हणाली, “आता प्रत्येक पर्याय चालू करून बघायचा. काय होतं ते मराठीत लिहून ठेवायचं.”

“आपल्यालाच लागेल ते. कोण वाचणार?”

“आपण वाचू.”

एक पर्याय चालू करायचा, कोड तयार करायचा, आधीच्याशी ताडून पाहायचा. मी लिहायचो, ती खोडायची. एकदा मी लिहिलं, ‘हा पर्याय योग्य असेल तेव्हाच वापरावा.’

“योग्य कधी असतो?” तिने विचारलं.

“ते माणसाला कळतं.”

“मग त्याला आपलं पान कशाला पाहिजे?”

मी ते वाक्य काढलं. तिचं म्हणणं एवढंच, की पर्यायाने काय मोडतं ते आधी लिहायचं, काय होतं ते नंतर. आणि हात लावला नाही तर काय होईल तेही सांगायचं. ‘क्लीन’पुढे तिने लिहिलं, ‘तुम्ही हाताने लिहिलेलं सगळं पुसतो. आपोआप चालू असतो, बंद करा.’

‘फास्ट’पाशी आम्ही अडलो. चालू केला तरी तेच, बंद केला तरी तेच. वेळही तेवढाच लागायचा. ताईने टूल बनवणाऱ्यांना विचारलं. त्यांचं नम्र उत्तर आलं, की त्यामागचं काम करायचं ठरलं होतं, पण राहून गेलं. ताईने लिहिलं, ‘फास्ट : काहीच करत नाही.’ आणि इंग्रजीत करून सगळं पान त्यांना पाठवून दिलं.

त्यांना ते आवडलं. आपल्या पानाच्या जागी हेच लावतो म्हणाले. फक्त ‘फास्ट’बद्दल जरा सौम्य लिहिता येईल का, ‘भविष्यासाठी राखीव’ वगैरे?

“राखीव म्हटलं की माणूस बसून बघतोच,” ताई मला म्हणाली. “एसटीत बघतोस ना.” त्यांना तिने ‘नाही’ एवढंच कळवलं.

पुढच्या आवृत्तीतून त्यांनी ‘फास्ट’ हा पर्यायच काढून टाकला. ताईला तिची ओळ खोडावी लागली. सगळ्या पानात तीच ओळ तिला सर्वांत नीट जमली होती, असं तिचं मत आहे.

मराठी पान आम्ही इंटरनेटवर टाकलं होतं. मध्यंतरी आष्टीहून एकाचा फोन आला. तो दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर करतो. आधी त्याने आभार मानले, मग म्हणाला, “ताई, राग मानू नका, पण तारखेच्या पर्यायाचं तुमी उलटं लिहिलंय. चालू केलं की महिना आधी येतो, दिवस न्हाई.”

“तुम्ही करून बघितलं?”

“दोनदा.”

“थांबा,” म्हणत तिने फोन टेबलावर ठेवला आणि स्वतः करून पाहिलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. त्याला फोनवर तसंच ठेवून तिने वाक्य दुरुस्त केलं, वाचून दाखवलं आणि विचारलं, “आता कळतंय?”

“आता कळतंय,” तो म्हणाला.

ताईने त्याला आणखी काही चुकलंय का ते विचारलं. मग खुर्ची ओढून घेतली आणि बराच वेळ ऐकत बसली.