घरचा सर्व्हर, रविवारची वाट

चालणाऱ्या माणसांना किस्से शोधावे लागत नाहीत. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, पाच-सहा किलोमीटर फिरून या, आघाड्याच्या बिया कपड्यांना चिकटून येतात तसा एखादा किस्सा घरी येतोच. आमचा डिचोलीचा गट बारा वर्षं दर रविवारी चालतोय, शिवाय वर्षातून एकदा तीन दिवसांची पायी सहल. तेव्हा माझ्याकडे साठा किती असेल बघा. पण आज सांगते ते फक्त माझ्या सर्व्हरचे. हो, माझ्या. मी स्वतः उभा केलाय, आणि हे मी अजून चार वेळा सांगणार आहे.

सुरुवात मास्तरांपासून. दत्ताराम मास्तरांनी आमचा गट काढला. शाळेतून निवृत्त झाले आणि आम्हांला घराबाहेर काढायच्या मागे लागले. आता वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी सांगितलं, अंगणापलीकडे पाऊल नाही. पहिल्यांदाच आम्ही त्यांच्याशिवाय गेलो आणि संध्याकाळी त्यांना मोबाईलवर फोटो पाठवले.

लगेच फोन. "ज्योती, हे फोटो आहेत की सांडगे? एवढेएवढेसे. त्यात मागचा पुढे, पुढचा मागे. मला तुमची तोंडं नकोत. वाट दाखव, जशी चाललात तशी."

आणि वर म्हणाले, "नाहीतर माझं नाव काढून टाका गटातून. उगाच कशाला अडकवून ठेवता?"

हा माणूस असं बोलणाऱ्यांतला नव्हे. त्याच दिवशी ठरवलं, मास्तर गटातून जाता कामा नयेत.

फुकटच्या साईटी फोटो आवळून बारीक करतात आणि मध्ये जाहिराती घुसवतात. म्हटलं, दुसऱ्याच्या दारात कशाला जा? मी खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. खाण बंद पडली, ऑफिसातल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा मी माझाच कॉम्प्युटर उचलून आणला होता. सतरा वर्षं ज्याच्यासमोर बसले, त्याला भंगारात कशी जाऊ देऊ? त्याला नवी मोठी डिस्क बसवली. तीन आठवडे वाचत होते. पाच वेळा सगळं पुसून परत घातलं, दोनदा रडले. आणि एका मंगळवारी मास्तरांच्या टॅबवर आमची गॅलरी उघडली. आमच्या घरातून, जेवणाच्या खोलीतल्या कपाटावरून.

* * *

मधला एक अडथळा सांगायचा राहिला. घरच्या इंटरनेटचा पत्ता म्हणे अधूनमधून बदलतो. मग मास्तरांनी आमचं दार शोधायचं कुठे? कायमचा पत्ता मागायला मी लाईनवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथला इसम म्हणाला, "मॅडम, असा पत्ता धंदेवाले घेतात. तुमचा व्यवसाय काय?"

"चालणं."

"आणि सर्व्हरवर काय ठेवणार?"

"वाट."

त्याने माझ्याकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'ट्रान्सपोर्ट'.

* * *

आमच्या गटात एक गुणाजी आहे. पेडण्याचा, मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, "ज्योतीबाय, गाऱ्हाणा घातल्याबिगर मशीन चालू करूचा नाय."

झालं. कॉम्प्युटरपुढे पानाचा विडा, नारळ. गुणाजी हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, आज ज्योतीबायन ह्या मशीन मांडलेला असा. ह्येका मुंगी, उंदीर, वीज, कसलीच बाधा होव नये. कोणी वाकडी नजर टाकल्यान तर ती थंयच्या थंय आडव. आमच्या मास्तरांका घरबसल्या वाट दिसांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही सगळे. आमचे हेसुद्धा, आणि ते तर पेपर वाचत होते.

रात्री बंगळूरहून भाच्याचा फोन. तो कॉम्प्युटरमध्येच आहे, त्यामुळे मावशीला काही येत नाही असं त्याचं ठाम मत. "मावशी, घरात सर्व्हर ठेवलास, पण बाहेरून कोणी घुसू नये म्हणून काही घातलंस की नाही?"

म्हटलं, "घातलंय. नारळासकट."

* * *

मास्तरांनी दुसऱ्याच आठवड्यात गॅलरीत शाळा भरवली. प्रत्येक फोटोखाली शेरा आणि गुण. 'वळण सुटले आहे. दहापैकी चार.' 'आकाश फार, वाट कमी.' एका फोटोखाली नुसतं, 'ज्योतीचा अंगठा. पुन्हा जाऊन काढून आण.'

गेले मी. गुणाजीच्या टॅक्सीतून, त्या एका वळणासाठी. वाटेत तो मला म्हणाला, "शाळेत असताना माका हे मास्तर नाय गावले, ता बरा झाला."

पण त्यामुळे आज आमच्या गॅलरीत प्रत्येक सहलीचं प्रत्येक वळण आहे. एकसुद्धा सुटलेलं नाही. कोणाची बिशाद आहे दाखवायची?

* * *

आमच्याकडे ढग गडगडला की घरातले सगळे प्लग काढायचे, हे लहानपणापासूनचं वळण. जूनमध्ये मी बाजारात गेले होते, गडगडलं, आणि आमच्या ह्यांनी फ्रीज, टीव्ही, मिक्सर काढता काढता सर्व्हरही काढला. मी पिशव्या घेऊन दारात पोचते तर मास्तरांचा फोन.

"ज्योती, मी शिरगावच्या खाली ओहोळात उभा आहे. एक पाय दगडावर, एक पाण्यात. पुढचा फोटो येईना. किती वेळ उभा राहू?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मास्तर, विजा चमकतायत. तुम्ही मागे फिरा बघू."

मास्तर म्हणाले, "मागचाही येत नाही."

* * *

आता माझी चूक. लपवायची सवय नाही मला.

श्रावणात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, अळमी उगवतात, रानातली खायची अळंबी. आमच्याकडे अळम्यांची जागा म्हणजे घराण्याचं गुपित. गुणाजीला त्याच्या वडलांनी सांगितलेली, त्याने बायकोलाही सांगितलेली नाही. तर त्या माणसाने मोठ्या मनाने आम्हांला एक दिवस तिथे नेलं. देवाची शपथ घालून. मी शपथ घेतली आणि फोटोही घेतले. सुंदर आले. गॅलरीत चढवले.

आता फोटोच्या पोटात मोबाईल जागाही लिहून ठेवतो, आणि माझ्या गॅलरीने तेव्हा नुकताच नकाशा काढायला सुरुवात केली होती. कोण आनंद झाला होता मला त्या नकाशाचा! बाजारात भेटेल त्याला दाखवत होते.

पुढच्या रविवारी गुणाजी पहाटे त्या जागी गेला, तर तिथे तीन स्कूटर. एक बाई पिशवी भरून निघाली होती. तिनेच त्याला कौतुकाने सांगितलं, "डिचोलीच्या एका बाईचो नकाशो असा. एक पावल हय-थय नाय."

गुणाजी तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. चुकले होते, खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, पण तो बोलेल तर ना. मी हजारो फोटोंमधली जागा काढून टाकली, कशी काढायची ते शिकून. मग त्याच्या घरी जाऊन दाखवलं. त्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "मशीन बरा असा. फक्त त्येका तोंड मिटूक शिकय."

ते तर शिकवलंच. वर त्या अळम्यांच्या फोटोला मी नवी जागा दिली, डिचोलीच्या बसस्टँडच्या मागची. गेल्या श्रावणात दोघेजण पिशव्या घेऊन तिथे वाकून वाकून फिरत होते.

* * *

आता शेवटचा, गेल्या वर्षीचा. गणपतीची चवथ झाली आणि आम्ही तीन दिवसांच्या सहलीला निघालो. वाळपईच्या पुढे, घाट चढून वरच्या सड्यावर. आदल्या वर्षीचीच वाट, म्हणून निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. दहा हातांवरचं दिसेना. गवत कमरेएवढं वाढलेलं, पायवाट त्यात बुडालेली, आणि एका बाजूला कुठेतरी कडा. कुठल्या बाजूला, ते कळत नव्हतं. गुणाजी पुढे होता. तो एकदा उजवीकडे वळला, परत आला, डावीकडे वळला, परत आला आणि गप्प उभा राहिला. गुणाजी गप्प झाला तेव्हा मला खरी भीती वाटली.

माझ्या मोबाईलला जेमतेम रेंज. गॅलरी उघडेना. पण फोन लागला, आणि मी मास्तरांना लावला.

ते कदेलीवरच होते, म्हणजे खुर्चीत, टॅब मांडीवर. "घाबरू नका. समोर काय आहे?"

"धुकं."

"ते मलाही कळतं. जमिनीवर काय आहे?"

"एक काळा दगड. मधोमध फुटलेला."

ते पुटपुटत एकेक फोटो सरकवत गेले. मग, "सापडला. दुसरा दिवस, सकाळ. दगड तुमच्या उजव्या हाताला ठेवा आणि सरळ चाला. पुढच्या फोटोत कुंभ्याचं झाड आहे, वाकडं. ते येईपर्यंत कोणी वळायचं नाही."

आलं ते झाड. "आता डावीकडून जा. उजवीकडे अजिबात नको, तिथे ज्योतीने दरीचा फोटो काढलाय."

एकेक दगड, एकेक वळण. मी फोन कानाला लावून पुढे, गुणाजी माझ्या मागे, बाकीचे त्याच्या मागे, एकमेकांच्या पिशव्या धरून. तिकडे डिचोलीत कपाटावर माझं मशीन घरघरत होतं आणि एकेक फोटो मास्तरांच्या हातात देत होतं. दीड तास. आधी ते म्हणत होते, "तुम्ही वळा." मग कधीतरी म्हणायला लागले, "आता आपण जरा उतरूया, सांभाळून, इथे निसरडं आहे." मला रडू आलं. धुक्यात कोणाला दिसलं नाही.

शेवटी पायाखाली डांबर लागलं. घाटाचा रस्ता. गुणाजीने माझ्याकडून फोन मागून घेतला, घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाला, "मास्तर, रस्तो गावलो. पोचलो आमी सगळे. आता आमी फुडे जातोव, तुमी आराम करा."

"पुढे कुठे जाता?" मास्तर म्हणाले. "पाच मिनिटं थांबा रे. मलाही टेकू द्या. पाय भरून आले."