काडी रेवेटीनंच ओढायची

रेवेटीला तुरुंगातून सोडताना न्यायाधीशांनी एकच अट घातली होती. उरलेले दहा महिने त्यानं आपल्या गोताच्या मराएवर, म्हणजे साऱ्यांच्या सामायिक सभाघराच्या आवारात, वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली काढायचे. पहिला महिना पाहून वडीलधारे नको म्हणाले, तर परत तुरुंग. तो महिना आज संपत होता. जेवणं उरकली की निर्णय सांगणार होते, आणि रेवेटीनं सकाळीच आपली पिशवी भरून ठेवली होती.

कारणही तसंच होतं. चार वर्षांपूर्वी दारूच्या नशेत, कसल्याशा फुटकळ भांडणाच्या रागात, या पठ्ठ्यानं मराएचं स्वयंपाकघर पेटवून दिलं होतं. आज त्याच जागी बांधलेल्या नव्या स्वयंपाकघराचं पहिलं जेवण. दोनशे पाहुणे.

तुरुंगातल्या दादा लोकांना तो घाबरला नव्हता, पण हुहाना आत्याला घाबरत होता. त्या आगीत तिचा उजवा हात भाजला आणि दोन बोटं आखडली ती कायमची. महिनाभर तो तिच्या हाताखाली बटाटे सोलत होता, पण तिनं आगीचा विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

मागच्या अंगणात हांगीचा खड्डा तयार होता. लाकडं रचून वर दगड ठेवलेले. दगड तापले की त्यावर मांस आणि रताळी उतरवून माती लोटायची. मग तीन तास आत डोकावता येत नाही. मांस कच्चं निघालं तर दोनशे पाहुण्यांसमोर साऱ्या गोताचं नाक कापलं जाणार.

"बटाटे ठेव. इकडे ये," आत्या म्हणाली आणि तिनं काडेपेटी त्याच्यापुढे धरली. "पेटव."

"मी? आत्या, दुसऱ्या कुणाला तरी सांग ना."

"का? तुला तर अनुभव आहे."

लाकडं फोडणारे फिदीफिदी हसले. बाकावरचे तामाहोऊ आजोबा तेवढे हसले नाहीत. वडीलधाऱ्यांत शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

रेवेटी गुडघ्यांवर बसला. पहिली काडी मोडली. दुसरी समुद्रावरच्या वाऱ्यानं विझवली. नव्या स्वयंपाकघराच्या रंगाचा वास नाकात गेला आणि त्यानं काडेपेटी खाली ठेवली.

"मला परत धाडा तुरुंगात," तो पुटपुटला. "भांडी वाचवायला गेलीस आणि माझ्यापायी तुझा हात..."

"भांडी?" आत्या थबकली. "भांड्यांसाठी आत शिरले असं वाटतंय होय तुला? अरे गाढवा, तू आत पडलायस असं वाटलं मला. टेबलांखाली शोधत होते तुला."

तेव्हा तो किनाऱ्यावर बसून ज्वाळा बघत होता. आता मात्र त्याला खरी भीती वाटली, इतकी की तुरुंग सोपा वाटावा.

"तिसरी काढ," म्हणत ती शेजारी बसली आणि वारा अडवायला तिनं तो आखडलेला हात काडीभोवती धरला. "ओढ."

त्यानं काडी ओढली. काडी पेटली, सालपटांनी पेट घेतला, लाकडं तडतडली, तरी तिनं हात तिथंच धरला होता.

"नऊ महिने कुठेही पाठवू नका याला," आजोबा बाकावरून म्हणाले. "पुढची हांगीही हाच पेटवेल."

रेवेटीला ते ऐकूच आलं नाही.

"आत्या, हात काढ!" तो रडत ओरडत होता. "हात काढ आधी, भाजेल!"