व्याह्यांच्या उलट्या फेऱ्या

१९९९ साली मी साठ वर्षांचा होतो. तोवर नाशिकच्या रस्त्यावर ट्रक चालवताना मी हर तऱ्हेचे ड्रायव्हर पाहिले होते. झोपेत चालवणारे पाहिले, देवाचं नाव घेत चालवणारे पाहिले, बायकोशी भांडून आल्यावर चालवणारेही पाहिले. हे शेवटचे सगळ्यात वाईट. पण आमच्या व्याह्यांसारखा ड्रायव्हर ना आधी पाहिला ना नंतर. रस्ता उलट्या बाजूने कापून बघितल्याशिवाय तो आपल्याला कळला असं न मानणारा माणूस या पृथ्वीवर एकच जन्मला, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा झाला.

त्यांचं गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. धसई ते मुरबाड त्यांची जीप चाले. ट्रक सोडल्यावर मीही जीपच घेतली होती, आसनगाव स्टेशन ते शहापूर. माझी लेक बघायला ते प्रथम आले तेव्हा आम्ही पुढच्या ओटीवर सतरंजी घालून, पानाचं तबक मांडून बसलो होतो, आणि हा गृहस्थ घराला वळसा घालून परसातून आत आला. चुलीजवळ बायकांची पळापळ झाली. बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "आधी तारीख धरू. मग देनंघेनं बोलू, मग जेवू, आन जाताना पोरगी बघू." मी म्हटलं, अहो, मुलगी न बघता तारीख कशी धरायची? तर म्हणाले, "याही, पुढचं आंगन सगलेच सारवतात. तुमचं मागचं बी सारवलेलं हाय. अजून काय बघाचा?" आमच्या भागात व्याह्याला याही म्हणतात. लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मला याही करून टाकलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण मान कशाला म्हणतात ते मला कळतं. माझ्या घराचा असा मान कुणी केला नव्हता.

बाजारातसुद्धा ते शेवटच्या दुकानापासून सुरुवात करत. जेवायला बसले की आधी ताकभात आणि मग भाकरी. विहीणबाईंनी पहिली काही वर्षं वाद घातला, मग त्याच ताट उलटं वाढायला लागल्या. कुणी विचारलंच तर व्याही म्हणत, "पोटात गेल्यावर कोन वर, कोन खाली, ते बघाला तू जानार हाय का रे?"

पण त्यांचं नाव झालं ते शर्यतीमुळे. धसईच्या एका हॉटेलात नवीनच केबल आली होती, आणि तिथे त्यांना परदेशातली मोटारींची शर्यत बघायला मिळाली. जीप स्टँडवर, सीटं म्हणजे भाड्याची माणसं उन्हात, आणि हे चहावर चहा घेत ती शर्यत पूर्ण बघून उठले. हॉटेलवाल्याला म्हणाले, "येवढा चांगला रस्ता बांधलाय, मग उलटा का नाय फिरवत?"

"उलटं फिरवलं तर आपटतील ना एकमेकांवर."

"सगलेच उलटे फिरले तर कोन कोनावर आपटंल? खल्यात बैल नाय का फिरवत आपन?"

हे खरं होतं. आमच्याकडे भात झोडून झालं की पेंढ्यावर बैल फिरवतात, राहिलेला दाणा सुटावा म्हणून. खळ्याच्या मधल्या खुंट्याभोवती बैल एका अंगाने बराच वेळ चालले की त्यांना सोडून, तोंड फिरवून, पुन्हा उलटे जुंपायचे. एकाच अंगाने चालवलं तर बैल भोवंडतो आणि दाणाही एका बाजूचाच सुटतो. व्याह्यांचं म्हणणं असं की ज्यांनी ते शर्यतीचे रस्ते बांधले त्यांनी मळणी कधी केलेली नाही, म्हणून त्यांना अर्धाच दाणा मिळतो.

त्या साली मळणी उरकल्यावर त्यांनी स्वतःच्या मोकळ्या खाचरांतले बांध फोडून जीप फिरेल असा गोल रस्ता आखला. खळ्यापासून निघायचं, हळूहळू उतरत कोरड्या ओहोळात जायचं, पलीकडच्या दरडीवर एका दमात चढायचं, आणि माळावरून मोठा वळसा घेऊन परत खळ्यावर. तीन फेऱ्या सरळ. मग सगळ्यांनी गाड्या थांबवायच्या, चहा प्यायचा, तोंडं फिरवायची आणि तीन फेऱ्या उलट्या. जिंकणाऱ्याला नारळ आणि सगळ्यात मागे राहील त्याला कोंबडा. कोंबडा हरणाऱ्याला का, असं मी विचारलं. "जिंकलेला तसाच घरी जातो," ते म्हणाले, "हरलेल्याला घरात घुसाला कायतरी नको?"

पहिल्याच वर्षी गावातली म्हातारी मंडळी आडवी आली. रस्त्याच्या मधोमध वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. सरळ फेऱ्यांना हरकत नव्हती, तेवढीच देवाला प्रदक्षिणा घडत होती. पण उलटी प्रदक्षिणा घालून गावावर काय आणायचं आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन व्याह्यांनी माळावरचा वळसाच आत ओढून घेतला, असा की वाघोबा रस्त्याच्या बाहेर राहिला. म्हाताऱ्यांना म्हणाले, "देवाला मधी बसवून धूल कशाला खायला लावायची? बाहेर बसू दे पावन्यावानी. शर्यत तरी दिसंल."

दर वर्षी मुरबाड लाइनीचे जीपवाले आणि एखाद-दुसरा टेम्पोवाला तिथे हौसेने जमायचे. सरळ फेऱ्यांत कुणीही पुढे असे. पण चहा पिऊन गाड्या फिरल्या की तो रस्ता त्यांना ओळख दाखवत नसे. जी दरड सरळ फेरीत चढायची, ती आता उतरायची, आणि माळावरून येताना तिची कडा चाकाखाली येईपर्यंत दिसायची नाही. जे वळण जाताना मोकळं होत जायचं ते येताना आवळत यायचं. पोरं कडेच्या भीतीने लांबूनच ब्रेक दाबत बसत. व्याही मात्र कडेजवळच्या पळसाच्या झाडापर्यंत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढत नसत. तिथे ब्रेकला एक टिचकी, आणि जीप ओहोळात. नारळ त्यांच्या घरी इतके झाले होते की विहीणबाई सोलकढी करून करून कंटाळल्या.

हे असं चालू राहिलं असतं, पण व्याह्यांची नजर अधू झाली. एका संध्याकाळी त्यांनी रस्त्याकडेला बसलेल्या म्हशीजवळ जीप उभी केली आणि विचारलं, "मुरबाड काय? चला, मागं जागा हाय." गाडीतली माणसं हसून लोळली. मग त्या पावसाळ्यात सीटं भरलेली जीप चरात घातली. कुणाला लागलं नाही, पण त्यावर कुणी हसलंही नाही. जावई कल्याणला कारखान्यात जायचा. त्याने जीपची किल्ली मागितली. व्याही म्हणाले, "उलट्या फेरीत मला कोनी मागं टाकू दे. किल्ली त्याच दिवशी देईन."

त्या १९९९ साली शर्यत जवळ आली तशी लेक मला आणायला शहापूरला आली. मी जीप पुसत होतो.

"बाबा, या वर्षी शर्यतीत तुमी उतरा."

"मी हरवीन त्यांना. पण मग घरात त्यांचं तोंड तुला बघायचंय."

"तोंड बघीन मी. माजी पोरगी रोज त्यांच्या शेजारी बसून शालंत जाते, ते बघवत नाय."

मी फडकं खाली ठेवलं.

मला बघून व्याह्यांना खरा आनंद झाला. "आलाव याही. सरल फेऱ्या तुमच्या, हौस भागवून घ्या. चहा झाला का मंग माझं घर दाखवतो."

"मागच्या दारानं दाखवा म्हणजे झालं," मी म्हटलं.

सरळ फेऱ्यांत मी पुढे होतो, यात मोठेपणा काही नाही. चहा झाला, गाड्या फिरल्या. कसाऱ्याचा घाट मी भरल्या गाडीने चढलोय आणि रिकाम्या गाडीने उतरलोय. चढताना भेटलेलं वळण उतरताना वेगळं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी पहिल्या दोन उलट्या फेऱ्यांत व्याही माझ्या पुढेच होते, आणि मी त्यांची धूळ खात होतो. इतकं सुरेख चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या फेरीत आम्ही माळावरून उतरणीकडे निघालो. पळस अजून लांब होता आणि व्याह्यांच्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला.

मला कळलं. त्यांना कडा दिसत नव्हती. त्या दोन फेऱ्या त्यांनी आठवणीने मारल्या होत्या, आणि आता आठवणीवरचा भरवसाही सुटला होता.

मी मागे राहू शकलो असतो. पण जन्मात मी कुणाला मुद्दाम जिंकू दिलेलं नाही, आणि तसा अपमान व्याह्यांचा करणार नव्हतो. शिवाय नात माझीही होती. मी डावीकडून गाडी काढली, पळसाजवळ ब्रेक मारला आणि ओहोळात उतरलो. बाकीचेही मागून त्यांना ओलांडून आले.

सगळ्यांच्या शेवटी व्याही खळ्यावर आले. गाडी बंद केली, किल्ली काढली आणि मुलाच्या पुढे आलेल्या हातावरून नेऊन सुनेच्या हातात ठेवली. "तुज्या बापानं हरवलं गो मला. ठेव जपून." मग माझ्याशेजारी पेंढ्यावर बसले.

"पलसाच्या आधीच ब्रेक मारला मी."

"बघितलं."

"कडा दिसली नाय."

"ते बी बघितलं."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि कोंबडा मागवला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आला होता. पोटभर जेवले, ताकभात आधी. विहीणबाईंना म्हणाले, "येवढा चांगला लागतो, तर आधीच हरलो असतो."

दुसऱ्या दिवशी जावई पहाटेच कामावर निघून गेला होता. धसईच्या स्टँडवर माणसं उभी असणार. व्याही नेहमीच्या वेळेला अंघोळ करून बाहेर आले, काच पुसली, आणि जीपच्या डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. लेकीने किल्ली माझ्याकडे दिली. मी स्टिअरिंगवर बसलो, नात मध्ये, व्याही कडेला. धसईला एका म्हातारीने विचारलं, "आज हिकडं कसं बसलाव?"

"पावना चालवतोय," व्याही म्हणाले. "मी रस्ता बघतोय."

वळण यायच्या थोडं आधी त्यांचा उजवा पाय खालच्या मोकळ्या पत्र्यावर दाबला जाई. त्यांच्या ते ध्यानातही नसावं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी आयुष्यात कधी ब्रेक मारलेला नाही. त्या सकाळी पार मुरबाडपर्यंत, त्यांचा पाय दाबला गेला की मी माझा दाबत गेलो.