झडती

माझ्या दुकानातून सुताचं गाठोडं चोरलं म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मीच त्याला पकडून दिलं होतं. सुटला तो तुरुंगात शिकून विणलेली सतरंजी खांद्यावर टाकून थेट माझ्याच पायरीवर आला.

"सोलापुरात दुसरं दुकान दिसलं नाही तुला?" मी ओरडलो.

"तुमी घेतली की बाकीचं बी घेत्याल, शेट."

अंदाज बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी निम्मा भाव सांगितला. त्यानं नुसती मान डोलावली. वीण घट्ट होती, घेतली.

तेव्हापासून तो दर मंगळवारी येतो. निघताना पायरीवर उभा राहून मुंडासं सोडून झटकतो, बंडीचे खिसे उलटे करतो आणि मी "जा" म्हणेपर्यंत हलत नाही. सुरुवातीला मला ते पाहून बरं वाटायचं. लपवू कशाला?

एकदा माझा कापड मोजायचा पितळी गज सापडेना. शेजारचा दुकानदार हसत म्हणाला, "आज तुमचा सतरंजीवाला येऊन गेला की!"

"तो झडती देऊन गेलाय. तू सकाळपासून तीनदा आलास. सोड पागोटं!"

गज नंतर गादीखाली सापडला.

गाठोड्याचं मी अजून विसरलेलो नाही. तरी पुढच्या मंगळवारी, त्याचा हात मुंडाशाला लागायच्या आतच मी "जा" म्हणालो.

त्यानं मुंडासं सोडलंच.

"आसू द्या, शेट. समद्यांनी बघितलं की वाटंत कुणी आडवत न्हाय."