तोंड पाहायला आलेली माणसं

गायरानाच्या जमिनी मागायला आम्ही यवतमाळच्या कचेरीवर मोर्चा नेला. त्यात माझ्या मित्राच्या डोक्यात लाठी बसली आणि सरकारी दवाखान्यात तो शुद्धीवर न येताच गेला. पोलिसांनी कागदावर लिहिलं, पळताना दगडावर पडला. मी त्याच्या शेजारी होतो. तो पळत नव्हता. दगड नव्हता. हे मी पत्रकात छापलं, हातानं वाटलं. खोटं आहे असं म्हणायलासुद्धा कोणी आलं नाही.

त्याची माय बोरी अरबहून आली, पांढरं लुगडं नेसून. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आमच्यात अशा वेळी पांढरंच नेसतात. दवाखान्याच्या फाटकाला कुलूप होतं, आत पोलीस. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मले त्याचं तोंड पाहू द्या. मंग कुठं न्याचं तिथं न्या."

फौजदाराला भीती प्रेताची नव्हती, प्रेतयात्रेची होती. बाहेर नेरची, वणीची, कुठकुठली माणसं रस्त्यावर बसली होती. त्यानं मला आत बोलावलं.

"काय पत्रकवाले, तुमचं पब्लिक तुमचं ऐकतं का?"

"ऐकतं."

"मग ऐकवा. मुडदा गाडीवर घालून फाटकाशी आणतो. माय तोंड पाहील, गाडी तशीच बोरीला जाईल. पण कोणाच्या तोंडून एक शब्द निघाला, तर गाडी मागे."

"मुडदा म्हणू नका."

"बरं. तुमचा मित्र."

मी बाहेर आलो आणि गप्प बसा म्हणून लोकांपुढं हात जोडले. लोकांना ओरडायला लावणं एवढंच मी शिकलो होतो. एक बाई म्हणाली, "काल बोंबला म्हणे, आज मुके व्हा म्हणे. अन् खोकला आला तं?"

"पदर लावा तोंडाले," मागून कोणी म्हणालं. दोघंचौघं हसली. मग खरंच सगळे गप्प झाले. आतल्या नळाचं पाणी बादलीत पडताना ऐकू येत होतं.

गाडी आली. वर चादर, चादरीखाली तो. माय उठली.

फाटकालगत तिचा थोरला भाऊ बसला होता, मित्राचा मामा. उभा जन्म गावच्या पाटलापुढं वाकून 'जोहार मायबाप' करण्यात गेलेला माणूस. दीक्षेनंतर भाच्यानंच त्याला ताठ उभं राहून जयभीम करायला शिकवलं होतं. तेव्हापासून वाटेत कोणी भेटो, मामा हात जोडल्याशिवाय पुढं जात नसे. गाडी समोर आली तसा तो उठला, हात जोडले आणि दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "जयभीम, भाचे."

आमच्यात जयभीमला जयभीम द्यावाच लागतो. ज्याला घातला, तो देऊ शकत नव्हता. म्हणून मायनं त्याच्या वतीनं दिला, "जयभीम." तिच्यामागून सगळ्या रस्त्यानं दिला.

एक मूठ वर गेली नव्हती. एक घोषणा झाली नव्हती. फौजदारानं शिट्टी वाजवली. मायचा हात चादरीच्या काठाला लागला होता, तेवढ्यात शिपायांनी गाडी वळवली आणि लाठ्या आडव्या धरून आम्हाला मागं रेटलं. फाटक लागलं.

दुपारी त्यांनी त्याला परस्पर जाळलं. त्रिशरण म्हणायला कोणी नाही, घरचं एक माणूस नाही. जागा कोणती, तेही आम्हाला शिपायांच्या विनवण्या करून कळलं.

परतीच्या बसमध्ये मामा गुडघ्यात डोकं घालून बसला होता. "मी काहून बोललो? मी काहून बोललो?" दारव्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर माय माझ्याकडं वळली.

"मी मुकाट राह्यली असती, तं दाखवलं असतं का रे तोंड?"

हो म्हणालो असतो, तर ते तिला आणि तिच्या भावाला जन्मभर जाळत राहिलं असतं. आणि त्यांच्याकडून चूक झाली असं मी आजही मानत नाही. आपल्या मेलेल्या माणसाला नमस्कार करायला फौजदाराची परवानगी कायले पाहिजे?

"नाही, मावशी," मी म्हणालो. "त्यांना दाखवायचंच नव्हतं."



"पण गाडी तं आनली होती ना."

"हो," मी म्हणालो. "आणली होती."