फांदीच्या अर्जाचा तपास

माझ्या बंगळूरच्या घरमालकांइतका संशयी माणूस मी आजवर पाहिला नाही. सूर्य उगवला तरी ते आधी घड्याळ बघून खात्री करून घेत. दूधवाला पाणी घालतो असा संशय सगळ्यांनाच असतो. यांना तो एखाद्या दिवशी पाणी का घालत नाही, याचा संशय यायचा. पोस्टमन हसला, की पाकीट कुणी उघडलंय का ते उजेडात धरून पाहत. मूळचे बेळगावकडचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले आणि साठ सालच्या सुमारास नव्यानं वसणाऱ्या जयनगरात घर बांधून राहिलेले. त्यांच्या मागच्या कौलारू खोलीत मी, पुण्याहून आलेला सडाफटिंग इंजिनिअर, चार वर्षं राहिलो. खोली देण्याआधी त्यांनी मला तीनदा बोलावून तेच ते प्रश्न विचारले होते, उत्तरं जुळतात का ते बघायला. ती जुळली, आणि त्यांच्या लेखी मी जगातला एकमेव सरळ माणूस ठरलो.

अंगणात एक फणस होता, वस्ती होण्याआधीच्या मळ्यातला. लागलेल्या प्रत्येक फणसावर ते चुन्यानं आकडा घालत आणि रोज सकाळी हजेरी घेत. झाडाची एक दांडगी फांदी माझ्या खोलीवर आली होती. एका उन्हाळ्यात सात नंबरचा फणस कौलं फोडून थेट माझ्या उशीवर उतरला. मी आंघोळीला गेलो होतो म्हणून आज हे लिहितोय. फांदी छाटा म्हणून मी विनवलं, तर त्यांनी आधी देठ तपासला, कुणी कापलेला नाही ना म्हणून, आणि मग ‘बघू’ म्हणाले. ते बघणं वर्षभर चाललं.

शेवटी मला पालिकेचा नियम कळला. खासगी आवारातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, जाड फांदीही नाही. मात्र छपराला धोका असेल तर भाडेकरूलाही अर्ज करता येतो. मी गुपचूप अर्ज केला, फक्त फांदीपुरता. अधिकारी आले, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि काही दिवसांनी घरमालकांच्या नावानं कागद आला: आलेल्या अर्जावरून पाहणी केली, मुळं भिंतीखाली गेली आहेत, महिन्याच्या आत सबंध झाड काढण्यास परवानगी आहे. अर्जदाराचं नाव कुठंच नव्हतं.

“न मागता कोण काय देतंय होय?” ते मला हळूच म्हणाले. “ह्या झाडावर कुणाचा तरी डोळा आहे बघा.”

तपास सुरू झाला आणि मदतनीस म्हणून नेमणूक माझी. संशयितांची यादी मीच माझ्या हातानं लिहिली. धोबी, दूधवाला, समोरची नवी बिऱ्हाडं अशी ती फिरत फिरत शेवटी शेजारच्या अण्णांवर येऊन थांबली. अण्णा म्हणजे निवृत्त कन्नड शाळामास्तर. रोज संध्याकाळी दोघं त्याच झाडाखाली कॉफी घेत बुद्धिबळ खेळायचे. पानांनी पन्हळ तुंबते, असं अण्णा एकदा सहज बोलून गेले होते. तेवढं पुरलं. बुद्धिबळाचा पट आत गेला. महिनाभर घरमालक परवानगीचा कागद खिशात घालून झाडाखाली वेताच्या खुर्चीवर पहारा देत बसले. मुदत संपली, झाड वाचलं, पण अण्णांशी बोलणं बंद ते बंदच. भिंतीपलीकडे अण्णा एकटेच सोंगट्या मांडून बसलेले मला खिडकीतून दिसत, आणि मला स्वतःची लाज वाटे. तरी मी गप्प राहिलो. खोली जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती त्या माणसाचा माझ्यावरचा विश्वास जाण्याची.

बदलीचा हुकूम आला तेव्हा निघायच्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. अर्ज माझा, सही माझी, अण्णांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग डोळे बारीक केले.

“कोण शिकवलं हे तुम्हाला? अण्णानं ना?”

मी शपथ घेतली. ते मान हलवत राहिले. माझ्यासारख्या सरळ पोराला पुढं करून, आळ त्याच्या अंगावर घालून अण्णा समेट करू बघतोय, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. मग त्यांची नजर फणसावरून भिंतीपलीकडे गेली.

“सरी, बरं,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता. “एवढा माणूस पाठवतोय म्हणजे त्याला पण करमत नसंल. स्वल्प कॉफी ठेवायला सांगतो. या म्हणावं त्याला.”

मी भिंतीपाशी जाऊन अण्णांना बोलावलं. ते चपला न घालताच आले. टांगा गल्लीच्या टोकाला वळला तेव्हा मी मागं पाहिलं. दोन पांढरी डोकी पटावर वाकली होती आणि ती फांदी त्यांच्या मागं माझ्या रिकाम्या खोलीवर तशीच होती.

आता दोघंही नाहीत. जाईपर्यंत घरमालक दर पत्रात मला ‘सरळ माणूस’ असंच लिहीत राहिले. उभ्या जन्मात मी एकदाच त्यांना पुरतं खरं सांगितलं, आणि तेवढ्यावर मात्र त्यांचा विश्वास बसला नाही.